गोणपाटावरचे शंभर दाणे: शाळेच्या बागेत लेकरं नेमकं काय शिकतात?

"आमी दिसभर रानातच असतो, सर. लेकराला शाळेत धाडलं ते पेन धराया. हितं बी खुरपंच द्यायचं असंल तर घरी काय वाईट होतं?"

परभणी जिल्ह्यातल्या एका लहान गावात मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो. शाळेमागच्या पडीक जागेत आम्ही वाफे पाडले, त्याच आठवड्यात एका वडिलांनी फाटकाशी थांबून हे विचारलं. त्यांच्या आवाजात राग नव्हता, काळजी होती, आणि प्रश्न अगदी रास्त होता. गेल्या काही वर्षांत शाळांना परसबाग करायला सांगितलं जातंय, परसबागांच्या स्पर्धाही होतात. पण ती कशासाठी, हे पालकांना कुणी नीट सांगितलेलं नाही. खरं सांगायचं तर बऱ्याच शिक्षकांनाही नाही. म्हणून हा लेख.

एका बागेत दोन हेतू

परसबागेचा विषय शाळेत दोन दारांनी आला. पहिलं दार शालेय पोषण आहाराचं. केंद्र सरकारने २०१९ साली शाळांमधल्या पोषण बागांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. शाळेतच पिकलेली ताजी भाजी मुलांच्या ताटात यावी, हा त्यामागचा विचार. दुसरं दार २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाचं. त्यात 'अनुभवाधारित शिक्षण' हा शब्द पुन्हा पुन्हा येतो. अर्थ साधा आहे: आधी हाताने करून, डोळ्याने पाहून, मग त्याचा नियम शोधायचा. सहावी ते आठवीच्या मुलांना वर्षातले दहा दिवस दप्तराविना शिकवावं, हेही त्याच धोरणात आहे.

हे दोन हेतू एकमेकांत मिसळले की घोटाळा होतो. पोषण आहाराच्या निकषात पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज ५० ग्रॅम भाजी धरलेली आहे, सहावी ते आठवीला ७५ ग्रॅम. आमच्यासारख्या साठ मुलांच्या प्राथमिक शाळेला रोज तीन किलो भाजी लागते, शाळेच्या सहा दिवसांना अठरा किलो. चार वाफ्यांतून वर्षभर एवढी भाजी निघणार नाही. आमटीत शेवग्याचा पाला पडेल, आठवड्यातून एकदा मेथी होईल, कढीपत्ता विकत आणावा लागणार नाही. तेवढंही मोलाचं आहे. पण बाग किती किलो देते एवढंच मोजलं, तर ती नेहमी तोकडीच वाटणार. माझा भर दुसऱ्या हेतूवर आहे. बाग हा वर्गाबाहेरचा फळा आहे, आणि तो कसा वापरायचा हे आपण शिकलो तरच तिच्यावर घातलेला वेळ कारणी लागतो.

ही कल्पना परकी किंवा नवी नाही. जर्मनीत फ्रीड्रिश फ्रोबेलने १८४० साली आपल्या शाळेला 'किंडरगार्टन', म्हणजे मुलांची बाग, असं नाव दिलं, आणि तिथे मुलांना स्वतःचे छोटे वाफे होते. आपल्याकडे ती 'बालवाडी' झाली. 'वाडी' हा शब्दच बागेचा. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ या बालशिक्षणात काम करणाऱ्या दोघींनी पालघर जिल्ह्यातल्या कोसबाडला गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा चालवली. मुलं कुरणात, म्हणून शाळा कुरणात. गांधीजींनी १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत मांडलेल्या नई तालीमचा पायाही हातातल्या कामातून शिकणं हाच होता.

शेतातलं लेकरू शाळेच्या बागेत काय नवीन शिकणार?

त्या वडिलांना मी भाकरीचं उदाहरण दिलं. भाकरी थापायची कृती वहीत शंभरदा लिहिली तरी भाकरी येत नाही, पिठाचा अंदाज हातालाच यावा लागतो. आपल्या गावातल्या लेकरांना हा हाताचा अंदाज भरपूर असतो. खुरपं कसं धरायचं ते त्यांना माझ्यापेक्षा चांगलं कळतं. पण भाकरी कशामुळे फुगते, हे घरी कुणी सांगत नाही, कारण घरच्यांना तेवढी सवड नसते. आतल्या पाण्याची वाफ होते आणि ती पापुद्रा उचलते, हे समजलं की मूल मग कुकरच्या शिट्टीपाशी थांबतं, भिजलेल्या भिंतीकडे बघतं, वाळणाऱ्या कपड्यांकडे बघतं.

शेतात काम उरकायचं असतं. शाळेच्या बागेत काम थांबवून विचारायचं असतं. कामाच्या घाईत न विचारलेलं 'का' आणि न केलेली मोजणी, या दोन गोष्टी शाळेने जोडायच्या. म्हणजे नेमकं काय, हे आमच्या शाळेतल्या एका तासावरून सांगतो.

शंभर दाण्यांचा तास

एप्रिलमध्ये, उन्हाळ्याची सुट्टी लागण्याआधी, पाचवीच्या मुलांना घरून सोयाबीनचे मूठभर दाणे आणायला सांगतो. घरी राखलेलं बियाणंच आणायचं, ही अट पक्की. बाजारातल्या पिशवीतल्या बियाण्याला औषध चोळलेलं असतं, ते लेकरांच्या हातात द्यायचं नाही.

लिंबाखाली (आपल्याकडे लिंब म्हणजे कडुलिंबच) गोणपाट धुऊन, ओलं करून अंथरतो. मुलं त्यावर दाणे मांडतात, एका ओळीत दहा, अशा दहा ओळी. दाणे निवडायचे नाहीत. फुटका, सुरकुतलेला, जो हाताला येईल तो मांडायचा. पहिल्यांदा हे मुलांना पटत नाही, चांगले टपोरे दाणे शोधण्याकडेच सगळ्यांचा कल असतो. तिथेच थांबून विचारायचं, "पेरताना तुझे पप्पा निवडून पेरतात का?" अख्ख्या पोत्याची खरी हालत कळायची तर मूठ न बघता भरावी लागते. नमुना कसा घ्यावा हा मोठा धडा आहे, आणि तो इथे दहा वर्षांच्या पोराला पाच मिनिटांत समजतो. वरून दुसरं ओलं गोणपाट घालून गुंडाळी करायची, सावलीत ठेवायची आणि रोज पाणी शिंपडायचं.

सहा-सात दिवसांनी गुंडाळी उघडायची. पहिलीची मुलंही भोवती जमतात, कारण दहा-दहाच्या ओळी त्यांनाही मोजता येतात. मागे एकदा एका घरच्या दाण्यांना ८२ मोड आले, दुसऱ्या घरच्या दाण्यांना ६०. शंभरातले किती, म्हणजे शेकडा किती, म्हणजेच टक्के. हा शब्द मी फळ्यावर खूप वर्षं शिकवला आहे, पण 'टक्के' म्हणजे काय हे विचारल्यावर मुलं 'परीक्षेत मिळतात ते' असं सांगायची. गोणपाटावर तो शब्द त्यांना दिसला.

पुढचं गणित त्याहून कामाचं आहे. सोयाबीन बियाण्याची उगवण निदान ७० टक्के असावी, असं कृषी विभाग सांगतो आणि त्या हिशोबाने एकरी ३० किलो बियाणं धरतो. उगवण ६० टक्केच असेल तर तेवढीच रोपं मिळायला किती बियाणं लागेल? उगवण घटली की बियाणं वाढवायचं, हे व्यस्त प्रमाण. तीस गुणिले सत्तर भागिले साठ, उत्तर ३५ किलो. ज्या पोराच्या घरचं बियाणं ६० आलं होतं, त्याने ते उत्तर वहीत दोनदा अधोरेखित करून घरी नेलं.

यानंतर 'का' येतो. एकाच गावचं बियाणं, मग ८२ आणि ६० का? सोयाबीनचं साल फार पातळ असतं. मळणी जोराची झाली, पोतं वरून आपटलं, थप्पी उंच लावून खालच्या पोत्यांवर भार पडला, तर आतला कोंब दुखावतो. बाहेरून दाणा चांगलाच दिसतो. दुसऱ्या दिवशी तो पोरगा सांगत आला की त्याच्या घरी पोती एकावर एक आढ्यापर्यंत रचलेली आहेत. त्याला ते कुणी विचारलं नव्हतं. त्याने घरी जाऊन स्वतः पाहिलं होतं.

शासकीय भाषेत याला 'अध्ययन निष्पत्ती' म्हणतात, म्हणजे धडा संपल्यावर मुलाला खरोखर काय यायला लागलं ते. त्या पोराला नमुना घेता येतो, टक्के काढता येतात, व्यस्त प्रमाण वापरता येतं आणि कारण शोधता येतं. यासाठी लागलं काय, तर दोन गोणपाटं.

६५ मिलीमीटर म्हणजे किती टँकर?

२०२५च्या सप्टेंबरात मराठवाड्यात जो पाऊस झाला, तो इथल्या प्रत्येक घराला आठवतो. त्या दिवसांत एक आकडा सगळ्यांच्या तोंडी होता: ६५ मिलीमीटर. महसूल मंडळात २४ तासांत त्याहून जास्त पाऊस झाला की अतिवृष्टी मानतात. आकडा सगळ्यांना पाठ, पण तो डोळ्यांपुढे उभा राहत नव्हता. मिलीमीटर हे तर पट्टीवरचं माप, मग पाणी मिलीमीटरमध्ये कसं मोजतात?

बागेत एक मीटर लांब आणि एक मीटर रुंद असा चौक आखा. कडेने विटा लावा, आत प्लॅस्टिकचा कागद अंथरा आणि दहा लिटरची बादली ओता. जमीन सपाट असेल तर पाणी एक सेंटिमीटर, म्हणजे दहा मिलीमीटर चढतं. म्हणजे एका चौरस मीटरवर एक मिलीमीटर पाऊस हा बरोबर एक लिटर. आता ६५ मिलीमीटरचा हिशोब करा. एक एकर म्हणजे सुमारे ४०४७ चौरस मीटर. एका एकरावर दोन लाख त्रेसष्ट हजार लिटर पाणी. दहा हजार लिटरचे सव्वीस टँकर एका एकरात रिकामे केल्यासारखं. आपल्या लेकरांना टँकर कळतो. त्या दिवशी वर्गात एकदम शांतता पसरली होती.

मग आम्ही पाऊस मोजायचा डबा बसवला. तोंड आणि बूड सारखं असलेला, सरळ भिंतीचा कुठलाही डबा चालतो. चौथीतल्या एकाने विचारलं, "सर, मोठा डबा ठेवला तर पाऊस जास्त भरंल ना?" उत्तर न देता दोन डबे शेजारी ठेवले, एक अरुंद, एक रुंद. सकाळी पट्टी बुडवली तर दोन्हीकडे सारखंच माप. पाणी जास्त, पण पसारासुद्धा जास्त. हे त्याला मी पाठ करायला लावलं असतं तर सुट्टीत विसरला असता. सरकारी पंचनाम्यात आपल्या डब्याचं हे माप धरत नाहीत, हेही मुलांना सांगून ठेवावं.

भोपळ्याला फळ कामून धरंना?

हा प्रश्न दरवर्षी येतो. वेलाला पिवळी फुलं ढीगभर आणि भोपळा एकही नाही. मग दोन फुलं तोडून समोरासमोर ठेवायची. एकाच्या खाली नुसता लांब देठ, दुसऱ्याच्या खाली बोराएवढा इवलासा भोपळा. पहिलं नर, दुसरं मादी. वेलाला आधी बहुतेक नर फुलंच येतात. नंतर मादी फुलं आली, पण पराग पोचवायला मधमाशी आली नाही, तर तो इवलासा भोपळा पिवळा पडून गळतो. भोपळ्याचं फूल सकाळी उघडतं आणि दुपारपर्यंत मिटतं, म्हणून हा तास शनिवारच्या सकाळच्या शाळेत घ्यावा. दोडक्याचं फूल संध्याकाळकडे उघडतं. ते पाहायचं काम मुलांना घरच्या मांडवाखाली द्यावं.

भेंडीचा एक वाफा मी मुद्दाम 'परभणी क्रांती'चा ठेवतो. पानांच्या शिरा पिवळ्या पाडणाऱ्या केवडा रोगाला तोंड देणारी ही जात आपल्याच परभणीच्या कृषी विद्यापीठात तयार झाली. विद्यापीठ म्हणजे फक्त लांबून दिसणारं फाटक नाही, हे मुलांना कळावं.

'आधी वाचायला येऊ द्या'

हा आक्षेप मला सगळ्यात गंभीर वाटतो. चौथीच्या मुलाला परिच्छेद वाचता येत नसेल तर मातीत वेळ कशाला घालवायचा? माझं उत्तर असं की वेळ वेगळा काढायचाच नाही. आठवड्यातले दोन तास, गणिताचा एक आणि परिसर अभ्यासाचा किंवा मराठीचा एक, बाहेर घ्यायचे. धडा तोच, फक्त फळा बदलला.

वाचनाला तर बाग थेट उपयोगी पडते. वाफ्यावरच्या पाट्या मुलंच लिहितात आणि एकमेकांच्या चुका शोधतात. रोजनिशी लिहायला विषय समोर उगवलेला असतो. मराठीच्या तासाला 'वाफसा', म्हणजे पेरणीजोगा मातीतला ओलावा, हा शब्द घेऊन बाहेर जा. मूठभर माती दाबायची, गोळा झाला पाहिजे, पण कमरेइतक्या उंचीवरून सोडला की फुटला पाहिजे. हाताला चिखल लागला तर अजून वाफसा नाही, गोळाच झाला नाही तर वाफसा निघून गेला. मग त्यावर पाच वाक्यं लिहायची. ज्या पोराला 'माझा आवडता सण' यावर दोन ओळी सुचत नाहीत, तो वाफशावर पान भरतो.

बाहेर असण्याचा आणखी एक फायदा डोळ्यांचा. चीनमधल्या ग्वांगझो शहरात पहिलीच्या मुलांना शाळेत रोज ४० मिनिटं जास्त बाहेर ठेवून तीन वर्षं पाहिलं. २०१५ साली त्याचे निष्कर्ष छापून आले: बाहेर जाणाऱ्या मुलांमध्ये नव्याने लांबचं अंधुक दिसू लागलेली मुलं ३० टक्के होती, इतरांमध्ये जवळपास ४०. हातात मोबाइल आलेल्या आपल्या गावांनाही हे लागू पडतं.

पाणी कुठून आणायचं?

२०१६च्या एप्रिलात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. अशा मुलखात बागेचा विषय काढला की पहिला प्रश्न पाण्याचाच असणार. पण हा प्रश्नच मुलांसमोर ठेवावा. एक मीटर रुंद, दोन मीटर लांब असे चार वाफे म्हणजे आठ चौरस मीटर. हिवाळ्यात दिवसाला पाच मिलीमीटर पाणी धरलं तर चाळीस लिटर. साठ मुलं जेवणाआधी आणि जेवणानंतर हात धुतात. एका वेळी अर्धा लिटर धरा, साठ लिटर झाले. म्हणजे जे पाणी आज नळाखाली चिखल करतं, तेच वाफ्यांना पुरून उरतं. साबणाचं पाणी पालेभाजीला देऊ नये, शेवग्याकडे आणि पपईकडे वळवावं. ताटं धुतलेलं पाणी गाळून घ्यावं, नाहीतर शितं कुजून माश्या होतात.

पावसाळ्यात शंभर चौरस मीटर छतावर वीस मिलीमीटरची एक सर पडली की दोन हजार लिटर पाणी होतं. पाचवा हिस्सा वाया गेला तरी दोनशे लिटरचे आठ पिंप भरतात. पिंपांना झाकण हवंच, नाहीतर डासांची पैदास होते.

साप, शेळ्या आणि मे महिना

गवत वाढू दिलं तर साप येणार. वाफ्यांभोवती दोन हात जागा मोकळी ठेवायची, दगडाविटांचे ढीग लावायचे नाहीत, पाला हाताने न उचलता आधी काठीने हलवायचा. तरी चावलाच तर चिरायचं नाही, बांधायचं नाही, मांत्रिकाकडे न्यायचं नाही, तडक दवाखाना गाठायचा. शेळ्यांना काट्यांचं कुंपण अडवतं.

मे महिन्याचा मात्र हट्ट धरू नये. पहिल्या वर्षी मी ही चूक केली. मार्चअखेर पाहुणे येणार म्हणून वाफे गच्च भरले, पाहुणे कौतुक करून गेले आणि सुट्टीत सगळं जळून गेलं. जूनमध्ये मुलं आली आणि त्यांनी वाळलेल्या काड्या पाहिल्या. तेव्हापासून उन्हाळ्यात वाफे रिकामे असतात, जसं रान नांगरून तापायला ठेवतात तसे. तापलेल्या मातीत किडींचे कोष मरतात, हाही एक धडाच. शेवगा आणि कढीपत्ता तेवढे राहतात.

मग ही बिगारी नव्हे कशावरून?

ही भीती खरी आहे. बागकाम शिक्षा म्हणून देणं, पाणी फक्त मुलींना आणायला लावणं, शेणखत उचलायला ठरावीक घरांतलीच मुलं पुढे करणं, यातलं काहीही घडत असेल तर पालकांनी जाब विचारावा. आमच्याकडे पाळ्या भिंतीवर लिहिलेल्या असतात आणि त्यात माझं नावही असतं. एका वेळी अर्ध्या तासाच्या वर काम नाही. फवारणी मुलांच्या हाती कधीच नाही. आणि बागेतून परतल्यावर वहीत काहीतरी मोजलेलं किंवा विचारलेलं नसेल, तर तो तास वाया गेला असं मी समजतो.

दिवाळीनंतर जाणारी लेकरं

आपल्या भागातली कितीतरी कुटुंबं दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात आणि मार्च-एप्रिलला परततात. गावात राहायची सोय नसलेली लेकरं सोबत जातात. चौथीतल्या एका मुलीने जुलैत वालाचे दाणे टोकले होते. वेल मांडवावर चढला, फुलावर आला आणि ती गेली. एप्रिलात आल्या आल्या तिने विचारलं, "माझ्या वालाला शेंगा आल्या का?" आल्या होत्या, आणि आम्ही त्या खाऊन संपवल्याही होत्या.

आता लावणीचं वेळापत्रक आम्ही या लेकरांकडे बघून ठरवतो. मेथी महिन्याभरात येते, म्हणून ती सप्टेंबरच्या मध्याला पेरायची आणि सगळी मुलं गावात असतानाच खायची. शेवग्याचं खोड जूनमध्ये त्यांच्याच हाताने लावायचं. ते परत येतात तेव्हा झाड जागेवरच असतं.

वही त्यांच्यासोबत जाते. ती मुलगी पुढच्या वर्षी फडावर गेली तेव्हा मी तिला एक पट्टी दिली आणि रोज एका उसाच्या कांड्या मोजायला सांगितलं. परतल्यावर तिने वही दाखवली. कोपीत, म्हणजे फडावरच्या झोपडीत बसून, पेन्सिलीने, ओळी सोडून लिहिलेले आकडे होते. खालच्या कांड्या आखूड, मधल्या लांब. शेवटी तिचाच प्रश्न: "ऊस लहान असताना उन्हाळा होता का?" उसाला पाणी कमी पडतं तेव्हा कांडी आखूडच राहते. ते पान आम्ही वर्गाच्या भिंतीवर लावलं आहे.